कोड उरतो, कारण हरवतं

सॉफ्टवेअर कंपनीत कुणी राजीनामा दिला की टीममध्ये पहिला प्रश्न येतो : केटी (नॉलेज ट्रान्सफर) कुणाला द्यायची? हिंजवडीत असो की ऐरोलीत, पुढचा क्रम सगळ्यांना पाठ असतो. नोटीस पिरियडचे शेवटचे काही आठवडे उरले की कॅलेंडरवर रोज तासाभराची मीटिंग पडते. जाणारा माणूस स्क्रीन शेअर करून एकेक फोल्डर उघडून दाखवतो, सेशनचं रेकॉर्डिंग होतं, एक्सेलमधल्या यादीत ओळीपुढे ‘पूर्ण’ असं लागतं. काही महिन्यांनी एखादा बॅच जॉब रात्री अडकतो तेव्हा ते रेकॉर्डिंग कुणी उघडत नाही. सोडून गेलेल्या सहकाऱ्याला व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, आणि तोही बिचारा नव्या नोकरीतून वेळ काढून उत्तर देतो.

टीमचं ज्ञान टिकवायचं कसं, या प्रश्नावर गेली पन्नासहून जास्त वर्षं विचार चालू आहे. त्यातून विकी आले, पोर्टलं आली, बक्षीस योजना आल्या, आता भाषिक मॉडेलं आली. या सगळ्याचा आढावा घेताना माझं एक मत मी आधीच सांगून ठेवतो. ज्ञान कुठे साठवायचं हा प्रश्न आपण गरजेपेक्षा जास्त विचारला. ते कामाच्या कुठल्या टप्प्यावर लिहिलं जाईल आणि कुणाला, कधी वाचावंच लागेल, हे मात्र फारसं कुणी ठरवलं नाही. ज्या व्यवस्था टिकल्या, त्यांनी हे ठरवलं होतं.

या विषयावरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा लेख १९८५ चा आहे. पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने त्यात असं मांडलं की प्रोग्रामिंगमधून मुख्यतः तयार होते ती प्रोग्रामरच्या मनातली एक समज. बाहेरच्या जगातल्या कुठल्या गोष्टीसाठी कोडचा कुठला भाग आहे, तो असाच का आहे, आणि उद्या नवी मागणी आली तर ती कुठे सहज बसेल, हे सांगता येणं म्हणजे ती समज. त्याने उदाहरण दिलं ते दोन गटांचं. पहिल्या गटाने एका भाषेचा कंपायलर लिहिला होता. दुसऱ्या गटाला तो थोड्या वाढीव भाषेसाठी वापरायचा होता. त्यांना कोड मिळाला, टिपणांसकट पूर्ण दस्तऐवज मिळाले, पहिल्या गटाचा सल्लाही मिळाला. तरी दुसऱ्या गटाने सुचवलेले कित्येक बदल मूळ रचनेची ताकद न वापरता वरून जोडलेली ठिगळं होती. पहिल्या गटाला ते बघताक्षणी कळायचं आणि रचनेतच बसणारा सोपा उपायही ते लगेच सांगायचे. पुढे काही वर्षांनी, पहिल्या गटाचा हात सुटल्यावर, त्या कंपायलरमध्ये मूळ रचना दिसत होती, पण तिचा उपयोग उरला नव्हता.

नाउरचा निष्कर्ष कठोर आहे. ज्यांच्या मनात ही समज होती ती टीम विखुरली की प्रोग्राम मेला, मग तो चालू का असेना. आणि निव्वळ कागदपत्रांवरून तो पुन्हा जिवंत करण्यापेक्षा नव्याने लिहिलेला बरा. मायकेल पोलान्यी या विचारवंताने त्याआधीच दाखवलं होतं की माणसाला शब्दांत सांगता येतं त्याहून कितीतरी जास्त ठाऊक असतं. नाउरने ती जाणीव कोडपर्यंत आणली. त्याचं निदान मला मान्य आहे, उपाय मात्र आपल्याकडे परवडणारा नाही. बँकेची किंवा विमा कंपनीची वीस वर्षं जुनी प्रणाली दर तीन वर्षांनी टीम बदलते म्हणून कुणी पुन्हा लिहीत नाही. म्हणून प्रश्न असा उरतो : पूर्ण समज लिहिता येत नसेल, तर तिचा कुठला भाग लिहिला असता पुढच्या माणसाला ती स्वतः उभी करता येईल?

नाउरच्याही आधी, १९६० च्या दशकात, आयबीएमच्या ओएस/३६० प्रकल्पाने सगळं लिहून सगळ्यांना देण्याचा प्रयोग केला होता. फ्रेड ब्रुक्सने १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये त्याची हकिगत दिली आहे. प्रत्येक प्रोग्रामरकडे प्रकल्पाची कार्यपुस्तिका असायची. सहा महिन्यांत तिची जाडी सुमारे पाच फूट झाली. रोज बदललेली दीडशेच्या आसपास पानं यायची आणि ती हाताने जागच्या जागी लावावी लागायची. शेवटी सगळं मायक्रोफिशवर नेलं. खर्च वाचला, जागा वाचली. पण ब्रुक्सने त्यातला एक तोटा नोंदवला आहे, आणि आजही ज्ञान-प्रणाली आखणाऱ्याने तो ध्यानात घ्यावा. पानं हाताने लावताना माणसाची नजर त्यांवरून फिरायची आणि काय बदललं ते कळायचं. मायक्रोफिशने ते कष्ट वाचवले आणि त्याबरोबर वाचनही गेलं. कार्यपुस्तिकेचा हेतूच तर वाचन हा होता.

त्याच काळात डेव्हिड पार्नास उलट सांगत होता. १९७२ च्या त्याच्या निबंधाचं म्हणणं असं की सॉफ्टवेअरचे भाग असे पाडावेत की बदलू शकणारा प्रत्येक निर्णय एकाच भागाच्या आत झाकलेला राहील. बाकीच्यांना तो माहीत असण्याची गरजच पडू नये. ब्रुक्सला हे पटलं नव्हतं आणि पुस्तकात त्याने तसं लिहिलंही. वीस वर्षांनी, १९९५ च्या आवृत्तीत, त्याने पार्नासचं बरोबर होतं असं मोकळेपणाने मान्य केलं. ज्ञान व्यवस्थापनाच्या चर्चेत पार्नासचं नाव क्वचितच निघतं, ही मला मोठी उणीव वाटते. एका टीमला दुसऱ्या टीमच्या कोडमधलं काय काय ठाऊक असावं लागतं, ही यादी जितकी लांब तितका दस्तऐवजांचा भार मोठा. ती यादी छोटी करण्याचं काम विकी करू शकत नाही. ते आर्किटेक्टचं काम आहे. ज्या कोडबेसमध्ये बिलिंगमधला बदल रिपोर्टिंगमध्ये फुटतो, तिथे कितीही पानं लिहिली तरी कमीच पडतात.

नासाच्या गोडार्ड केंद्रातली सॉफ्टवेअर अभियांत्रिकी प्रयोगशाळा १९७६ मध्ये सुरू झाली. तिथे व्हिक्टर बॅसिली आणि सहकाऱ्यांनी ‘अनुभवाचा कारखाना’ ही कल्पना रुजवली. प्रकल्पाची टीम प्रकल्प करील. त्यातला अनुभव तपासून पुढच्या टीमला वापरता येईल असा बांधून देण्याचं काम वेगळा गट करील. कल्पना भक्कम होती, कारण डेडलाइनखाली दबलेल्या माणसाकडून शिकवणीची अपेक्षा तिने ठेवली नव्हती. पण वेगळा गट म्हणजे वेगळा पगार, आणि नासाबाहेर तो द्यायला फार थोडे तयार झाले.

भारतीय कंपन्यांत या दिशेने झालेला सर्वांत अभ्यासला गेलेला प्रयत्न इन्फोसिसचा. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली ही कंपनी १९९० च्या दशकाअखेरीस इतक्या वेगाने वाढत होती की एका शहरातल्या टीमने सोडवलेला प्रश्न दुसऱ्या शहरातल्या टीमपुढे नव्याने उभा राहायचा. त्यांनी के-शॉप नावाचं अंतर्गत पोर्टल उभारलं आणि त्याला चलन जोडलं : नॉलेज करन्सी युनिट. लेख द्या, दुसऱ्याचा लेख तपासा, युनिट मिळवा, ती साठवा आणि बदल्यात भेटवस्तू घ्या. राघू गरुड आणि अरुण कुमारस्वामी यांनी २००५ मध्ये ‘एमआयएस क्वार्टर्ली’त या प्रयोगाचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला.

पुढे काय झालं ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचण्यासारखं आहे. लेखांचा पूर आला. तपासणारे कमी पडले. दर्जाविषयी शंका सुरू झाल्या, आणि शोधणाऱ्यापुढे इतकं साहित्य येऊ लागलं की त्यातून कामाचं निवडणं हेच नवं काम झालं. शिवाय एकमेकांना सहज मदत करण्याच्या सवयीत हिशोब शिरला. कंपनीने हे ओळखलं, बक्षिसांचा जोर कमी केला, आणि लेख दिला यापेक्षा तो कुणाच्या उपयोगी पडला याला वजन दिलं. अभ्यासकांनी यातून काढलेलं सूत्र मला पटतं : ज्या गोष्टीने ज्ञानाच्या देवाणघेवाणीच्या चक्राला गती मिळते तीच पुढे त्याला उलटं फिरवू शकते, म्हणून अशी व्यवस्था एकदा बसवून मोकळं होता येत नाही, सतत तिच्याकडे बघावं लागतं.

याच्या शेजारी झेरॉक्सच्या युरेकाचं उदाहरण ठेवलं की फरक दिसतो. फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणारे तंत्रज्ञ मॅन्युअलवर कमी आणि एकमेकांच्या किश्शांवर जास्त विसंबतात, हे ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्यात वावरून दाखवलं होतं. मग फ्रान्समधून सुरुवात करून अशी प्रणाली उभी राहिली जिथे तंत्रज्ञ आपली युक्ती लिहायचा, सहकारी तंत्रज्ञ ती पडताळायचे, आणि ती लेखकाच्या नावासकट सगळ्यांपर्यंत जायची. मोबदला होता तो नावाचा. आणि वाचणारा ती उघडायचा ते ग्राहकाच्या ऑफिसात, बंद पडलेल्या मशीनपुढे उभं राहून. लिहिण्याचं कारण आणि वाचण्याची वेळ, दोन्ही कामातच होती.

आता प्रोग्रामरला नेमकं काय हवं असतं? एमी को, रॉबर्ट डिलाइन आणि जीना व्हेनोलिया यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या सतरा डेव्हलपरांचं काम शेजारी बसून पाहिलं. त्यांचा निबंध २००७ चा. माहितीचा सर्वांत जास्त वापरला गेलेला स्रोत म्हणजे सहकारी. आणि जे प्रश्न अडून राहायचे, उत्तर न मिळाल्याने मागे पडायचे, त्यांत ठळक होता तो ‘हा कोड असा का लिहिला आहे’ हा. काय लिहिलंय ते कोड सांगतो. कसं चालतं ते डीबगर दाखवतो. का, हे फक्त माणूस सांगतो, आणि तो माणूस मीटिंगमध्ये असतो, रजेवर असतो किंवा दुसऱ्या कंपनीत असतो.

आपल्या बहुतेक दस्तऐवजांची गफलत इथेच होते. डिझाइन डॉक्युमेंटच्या चाळीस पानांत क्लास आणि टेबलांची वर्णनं असतात, म्हणजे जे कोडमध्ये दिसतच आहे ते. पेमेंटचा टाइमआउट नव्वद सेकंदच का, ही रांग एकाच थ्रेडने का वाचायची, तो विचित्र ‘इफ’ कुठल्या ग्राहकासाठी, यातलं काही नसतं. वर्णन लवकर शिळं होतं, कारण कोड रोज बदलतो. कारण मात्र शिळं होत नाही. तो निर्णय ज्या दिवशी झाला त्या दिवसापुरतं ते कायम खरं राहतं.

या फरकावर उभी राहिलेली सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी पद्धत म्हणजे निर्णय-नोंद. मायकेल नायगार्डने २०११ मध्ये तिचा सुटसुटीत साचा मांडला : शीर्षक, परिस्थिती, निर्णय, सद्यस्थिती, परिणाम. एक-दोन पानांचा मजकूर. त्यातल्या दोन बारकाव्यांमुळे ती टिकते. एक म्हणजे ती कोडच्याच रिपॉझिटरीत राहते, म्हणून कोड बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्येच तिचाही रिव्ह्यू होतो. दुसरा म्हणजे जुनी नोंद कुणी खोडत नाही. नवा निर्णय झाला की जुन्यावर ‘अमुक नोंदीने बदलला’ एवढंच लागतं. त्यामुळे वाचणाऱ्याला आजचा नियम कळतो आणि इथवर आपण कुठल्या वाटेने आलो तेही कळतं.

ही सवय नायगार्डहून बरीच जुनी आहे. इंटरनेटची पायाभरणी करणाऱ्यांनी १९६९ च्या एप्रिलमध्ये स्टीव्ह क्रॉकरच्या पहिल्या टिपणाने आरएफसीची मालिका सुरू केली. एकदा प्रसिद्ध झालेली आरएफसी बदलत नाही, तिची जागा नव्या क्रमांकाची आरएफसी घेते. पायथन भाषेचे पेप प्रस्तावही तसेच, आणि त्यांत नाकारलेले प्रस्तावसुद्धा जपले जातात. भाषेचा जनक गिदो व्हान रॉसमने स्वतः लिहिलेला स्विच विधानाचा पेप ३१०३ नाकारला गेला, आणि तो आजही वाचता येतो. २०२१ मध्ये पायथन ३.१० मध्ये मॅच विधान आलं, तेव्हा तो जुना वाद सगळ्यांसमोर लिखित होता. आपल्या टीमा नाकारलेले पर्याय कधीच लिहीत नाहीत. म्हणून दर नवा लीड आला की ‘आपण काफ्का का वापरत नाही’ ही चर्चा पहिल्यापासून होते.

विकीविषयी थोडक्यात. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ च्या मार्चमध्ये पहिला विकी सुरू केला तो प्रोग्रामरांच्याच अनुभवांची देवाणघेवाण व्हावी म्हणून. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, हे त्याचं बळ. कंपनीच्या कॉन्फ्लुएन्सवर तेच दुर्बळ ठरतं, कारण सगळ्यांचं पान कुणाचंच नसतं. ‘सेटअप गाइड’, ‘सेटअप गाइड नवीन’ आणि ‘सेटअप गाइड फायनल’ अशी तीन पानं सापडली की नवा माणूस तिन्ही सोडतो आणि शेजारच्याला विचारतो. पानाला एक मालक आणि पुन्हा तपासण्याची तारीख असावी, तारीख टळली तर पानावर ठळक तसं दिसावं, आणि निरुपयोगी पान काढून टाकण्याचं काम लिहिण्याइतकंच मानाचं असावं. डॅनिएल प्रोचिदाची दस्तऐवजांची चार प्रकारांत विभागणी, म्हणजे शिकवणारे, काम करून देणारे, संदर्भाचे आणि समजावणारे, इथे फार उपयोगी आहे. रात्री दोनला ऑनकॉल असलेल्याला रनबुकमध्ये कमांड हवी असते, आर्किटेक्चरचा इतिहास नव्हे.

हे सगळं नसलं तर काय होतं? १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत ते घडलं. त्यांच्या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड होता. २००३ पासून त्याचा वापर बंद होता, पण तो काढलेला नव्हता. २००५ मध्ये त्याच्याशी संबंधित एक मोजणी दुसरीकडे हलवली गेली, आणि त्यानंतर तो चालतो का हे पुन्हा तपासलं गेलं नाही. २०१२ मध्ये नव्या सुविधेसाठी त्याच जुन्या कोडचा फ्लॅग पुन्हा वापरला. नवा कोड आठ सर्व्हरांवर जायचा होता, गेला सातवर. दुसऱ्या कुणी तरी डिप्लॉयमेंट तपासावं अशी लेखी पद्धत नव्हती. बाजार उघडला तसा आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षं झोपलेला कोड जागा झाला. त्याआधी प्रणालीने ‘पॉवर पेग’चं नाव असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते, पण ते इशारे म्हणून कुणी वाचले नाहीत. गोंधळात टीमने नीट असलेल्या सात सर्व्हरांवरून नवा कोड काढला, आणि तिथेही जुना कोड चालू झाला. सुमारे पंचेचाळीस मिनिटांत ४० लाखांहून जास्त सौदे झाले, आणि तोटा ४६ कोटी डॉलरांच्या घरात गेला. कंपनी स्वतंत्रपणे फार काळ टिकली नाही.

याला निव्वळ डिप्लॉयमेंटची चूक म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. तो फ्लॅग एकेकाळी कशाला जोडलेला होता हे ज्ञान कंपनीत कुठेतरी होतं किंवा एकेकाळी होतं. ज्या क्षणी कुणीतरी तो पुन्हा वापरायचं ठरवलं, त्या क्षणी ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं नाही. मेलेला कोड वेळेवर काढून टाकणं हेही ज्ञान व्यवस्थापनच आहे.

अपघातानंतर लिहिला जाणारा पोस्टमॉर्टेम हे त्यामुळेच फार मोठं साधन आहे, पण एका अटीवर. जॉन ऑलस्पॉने एट्सीत असताना २०१२ मध्ये दोष न देणाऱ्या पोस्टमॉर्टेमचा आग्रह धरला, तो यासाठी की शिक्षेच्या भीतीने माणूस नेमकं काय पाहिलं आणि काय समजून ते बटण दाबलं हे सांगत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये एका अभियंत्याकडून चालू डेटाबेसच पुसला गेला, आणि बॅकअपचे उपाय एकामागून एक निकामी निघाले. बॅकअप बिघडल्याचे ईमेल निघत होते, पण ते पोचतच नव्हते. कंपनीने हे सगळं जगासमोर लिहून ठेवलं, अभियंत्याचं नाव न घेता. त्या एका दस्तऐवजामुळे किती टीमांनी आपले बॅकअप परत आणून पाहिले असतील! आपल्याकडे मात्र आरसीए (रूट कॉज ॲनालिसिस) लिहिला जातो तो ग्राहकाला पाठवण्यासाठी. त्यात ‘ह्यूमन एरर’ लिहून प्रकरण मिटतं, आणि खरी गोष्ट चहाच्या टपरीवर राहते.

टपरीवरून आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी आपल्या क्षेत्रात कमी बोललं जातं. पुण्या-मुंबईच्या टीमांत खरं ज्ञान मराठीत आणि हिंदीत फिरतं, लिहावं मात्र इंग्रजीत लागतं. उत्तम डीबगिंग करणारा, जिल्ह्याच्या गावातून शिकून आलेला अभियंता लिहायची वेळ आली की मागे सरतो, कारण व्याकरण चुकेल याची धास्ती. पुल रिक्वेस्टचं वर्णन तो दोन शब्दांत संपवतो. त्याच्याकडचं ज्ञान टीमला हवं असेल तर तोडक्यामोडक्या वाक्यांना मान द्यावा लागेल, बोलून सांगितलेलं दुसऱ्याने लिहून घ्यावं लागेल, आणि रिव्ह्यूमध्ये इंग्रजी दुरुस्त करत बसणं थांबवावं लागेल. निर्णय-नोंदीचा छोटा, ठरलेला साचा इथेही मदतीला येतो. कोऱ्या पानाची भीती कमी होते.

ज्ञान किती जणांत वाटलेलं आहे हे मोजण्यासाठी ट्रक फॅक्टर वापरतात : किती माणसं एकदम गेली तर प्रकल्प अडेल? ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये गिटहबवरचे १३३ लोकप्रिय प्रकल्प तपासले, तर ६५ टक्के प्रकल्पांत हा आकडा दोन किंवा त्याहून कमी निघाला. कंपनीच्या आत चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. यावरचा उपाय लिखाणापेक्षा कामाच्या वाटपात आहे : जोडीने प्रोग्रामिंग, आणि त्या भागाचा पुढचा बदल मुद्दाम दुसऱ्याला देणं, जाणकाराने फक्त रिव्ह्यू करणं. नाउर म्हणतो ती समज अशीच हस्तांतरित होते, मूळ माणूस शेजारी असताना आणि हातात खरं काम असताना. नोटीस पिरियडमधल्या केटीत माणूस असतो, पण हातात खरं काम नसतं.

भाषिक मॉडेलांनी आता चित्र हलवलं आहे. कोडची रिपॉझिटरी, जिरा, स्लॅक आणि कॉन्फ्लुएन्स वाचून प्रश्नाचं उत्तर देणारा सहायक आज सहज बसवता येतो. ‘काय’ आणि ‘कसं’ यांची उत्तरं तो झटकन देतो, आणि नव्या माणसाचे पहिले आठवडे खरोखर सुसह्य करतो. त्याचं मी मनापासून स्वागत करतो. पण ‘का’ कुठे लिहिलेलंच नसेल तर तो पटेल असं कारण रचून सांगू शकतो, आणि २०१९ चं रद्द झालेलं पान आजच्या पानाइतक्याच आत्मविश्वासाने पुढे ठेवू शकतो. तारीख आणि मालक नसलेलं पान आधी फक्त निरुपयोगी होतं, आता घातक झालं आहे. चांगली गोष्ट अशी की एआय साधनांसाठी टीमा आता रिपॉझिटरीत सूचनांची फाइल लिहू लागल्या आहेत : इथे टेस्ट कशा चालवायच्या, कुठल्या फोल्डरला हात लावायचा नाही, कुठला संकेत पाळायचा. नव्या सहकाऱ्यासाठी जे कधी लिहिलं नाही ते मशीनसाठी लिहिलं जातंय. ते माणसांनीही वाचावं अशा भाषेत लिहिलं तर एका कष्टात दोन्ही कामं होतील.

ज्या टीमला या सगळ्यातून सुरुवात करायची आहे तिने नवं साधन विकत घेण्याआधी मागच्या महिन्यातले चॅट उघडावेत आणि ‘हे असं का आहे’ या अर्थाचे प्रश्न वेचावेत. त्यांची उत्तरं देणारी माणसं दोन-तीनच आहेत असं बहुधा दिसेल. त्या प्रत्येक उत्तराची एक पानाची निर्णय-नोंद करावी, संबंधित कोडशेजारी ठेवावी, आणि कोडमधल्या त्या ओळीवर तिचा क्रमांक टाकावा. पुढच्या स्प्रिंटपासून अशा नोंदीशिवाय मोठा बदल मर्ज होऊ नये. यासाठी लागणारे तास एस्टिमेटमध्ये वेगळे दाखवावेत. ग्राहकाशी होणाऱ्या करारात केटीचे आठवडे सुरुवातीला आणि शेवटी मोजलेले असतात; मधल्या वर्षांसाठी एकही तास नसतो. प्रोजेक्ट मॅनेजरने पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी त्या मधल्या तासांची ओळ करारात घालून घ्यावी.